पाटलीत कॅडमियम आलं कुठून? (सराफ्यातली चिठ्ठी, ४७ आणि ४८)

राजवाड्यामागची (धागाकर्ती) – शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा सोन्याचा आहे, पण भाव विचारायला आलेली नाही.

आमच्या आजेसासूबाईंच्या दोन पाटल्या. लग्न १९४९ सालचं, इंदूरचंच, आणि पाटल्याही इथल्याच सराफ्यातल्या. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आता मी आणि माझी जाऊ एकेक पाटली घेणार. मोडायच्या नाहीत. फक्त वजन आणि कस बघून घ्या, म्हणजे पुढे कुणाच्या मनात काही राहायला नको, असं दीर म्हणाले. म्हणून आज दुपारी दोघी सराफ्यात गेलो. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्या सराफ्यात दुपारी सोनं घ्यायला जातात आणि रात्री त्याच ओट्यांवर गराडू खायला.) सोबत माझी लेक होती, नववीतली.

दुकानदारानं पाटली एका ओव्हनएवढ्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, मिनिटभरात चिठ्ठी बाहेर.

पहिली पाटली: सोनं ९१.४, तांबं ५.३, चांदी ३.१, जस्त ०.२.
दुसरी: सोनं ९१.१, कॅडमियम ४.६, तांबं २.५, चांदी १.८.

दुकानदार म्हणाला, "भाभीजी, ये दोनों अलग माल है. ये वाली केडीएम है, बेचोगे तो बट्टा लगेगा." आम्ही म्हटलं, विकायचीच नाही. तरी जावेचा चेहरा उतरला तो उतरलाच. दोन्ही पाटल्या एकाच सोनाराकडे एकाच दिवशी घडवलेल्या, हे आमच्या घरात आरतीसारखं म्हटलं जातं. आणि आता प्रश्न असा की कॅडमियमवाली घ्यायची कुणी?

घरी येताना लेक विचारते, "आई, त्यानं ना घासलं, ना वितळवलं, ना तेजाब टाकलं. मग डब्याला कळलं कसं की हे कॅडमियमच आहे, चांदी नाही?" मी बी.कॉम. तिच्या पुस्तकात पहिली वीस मूलद्रव्यं आहेत, त्यात सोनंही नाही आणि कॅडमियमही नाही.

तर दोन शंका. यंत्र धातू ओळखतं कशावरून? आणि ४९ सालच्या पाटलीत हे आलं कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

छप्पनचा_गिऱ्हाईक – रात्री ९:५२

वाचतोय. सराफ्याचं नाव काढलंत आणि भुट्ट्याचा कीस आठवला. पुण्यात तीन वर्षं झाली, इथे कुणाला जीरावण म्हणजे काय ते सांगावं लागतं. बाकी चालू द्या.

सरळसोट – रात्री १०:०५

यात एवढं काय? प्रत्येक धातूचं वजन वेगळं. सोनं जड, तांबं हलकं. यंत्र आतल्या आत घनता काढत असणार. आर्किमिडीजनं राजाच्या मुकुटाचं केलं तेच, फक्त पाण्याऐवजी कॉम्प्युटर.

सुखनिवास – रात्री १०:४८

सरळसोट, नाही. घनतेवरून फार तर "सोन्यासारखं जड आहे" एवढं कळतं. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५. टंगस्टनच्या कांडीवर सोन्याचा मुलामा दिला तर आर्किमिडीजही फसेल. आणि घनतेचा एकच आकडा हातात असताना तांबं किती, चांदी किती, कॅडमियम किती, हे चार आकडे कुठून काढणार?

त्या डब्यात क्ष-किरणांची नळी असते. (माझी नोकरी याच किरणांच्या संगतीत गेली, कुठे ते नावावरून इंदूरवाल्यांना कळेल.) मुलीला असं सांगा.

अणूच्या मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन. सोन्याच्या प्रत्येक अणूत ७९, चांदीच्या ४७, तांब्याच्या २९. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. भोवती इलेक्ट्रॉन, मजल्यामजल्यांनी राहणारे. अगदी तळमजल्यावरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाला सगळ्यात जवळ, त्यांना ओढ सगळ्यात जास्त. नळीतून निघालेला क्ष-किरण आत घुसतो आणि तळमजल्यावरच्या एकाला बाहेर फेकतो. जागा रिकामी झाली की वरच्या मजल्यावरचा एक खाली पडतो. पडताना उरलेली ऊर्जा तो क्ष-किरणाच्या रूपात बाहेर टाकतो. यंत्र हा दुसरा किरण पकडून त्याची ऊर्जा मोजतं. बस.

आपला राजवाडा सात मजल्यांचा आहे. सातव्या मजल्यावरून दगड टाकला आणि दुसऱ्या मजल्यावरून टाकला, तर डोळे मिटूनही नुसत्या आवाजावरून फरक कळेल. इथे मजल्याची उंची ठरवतं कोण? प्रोटॉनांची संख्या. प्रोटॉन जितके जास्त तितकी ओढ जास्त, तितका पडण्याचा धक्का मोठा. तांब्याचा धक्का ८.०५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा, जस्ताचा ८.६४, चांदीचा २२.२, कॅडमियमचा २३.२. चांदी ४७ आणि कॅडमियम ४८, एका प्रोटॉनचा फरक, पण आलेखावर दोन शेंडे स्वच्छ वेगळे दिसतात. यंत्राची गल्लत होत नाही.

म्हणजे यंत्र प्रोटॉन मोजत नाही, प्रोटॉनांची ओढ मोजतं. कोणत्या ऊर्जेचे किरण आले यावरून धातू कोणता ते कळतं, आणि किती आले यावरून टक्के.

सोन्याचा तळमजला फार खोल आहे, तिथून इलेक्ट्रॉन उपटायला ८० हजार व्होल्टच्या वर लागतात, दुकानातल्या नळीत तेवढा दम नसतो. म्हणून सोन्यासाठी पहिल्या मजल्याचा धक्का बघतात, तो ९.७ हजारांचा. शेजारी प्लॅटिनम ७८ ला ९.४ आणि पारा ८० ला जवळजवळ १०. इथेही घरं वेगळी.

राजवाड्यामागची – रात्री ११:१०

काका, लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "मग एवढी सगळी ऊर्जा पाठ करायची?" (तिचा जीव परीक्षेत.) आणि झाकण उघडं राहिलं तर त्या किरणांनी काही होतं का? ती अगदी जवळ उभी होती.

सुखनिवास – रात्री ११:२५

झाकण उघडलं की नळी आपोआप बंद होते, अशीच ती घडवलेली असते. निश्चिंत राहा.

पाठ काहीच करायचं नाही, कॅल्क्युलेटर घ्यायला सांगा. प्रोटॉनांच्या आकड्यातून एक वजा करा, वर्ग करा, १०.२ नं गुणा. तांबं: २९ मधून १ गेला २८, वर्ग ७८४, गुणिले १०.२ म्हणजे ७,९९७. मोजलेलं उत्तर ८,०५०च्या आसपास. लोखंड २६ करून बघ म्हणावं, ६,४०० च्या जवळ यायला हवं. चांदीकडे जाताजाता हिशेब थोडा मागे पडतो, कारण जड अणूंचे आतले इलेक्ट्रॉन फार वेगानं पळतात आणि मग आइन्स्टाइनला मध्ये घ्यावं लागतं. पण नियमाचा सांगाडा हाच.

एक का वजा करायचा? तळमजल्यावर जो एक इलेक्ट्रॉन उरलेला असतो, तो केंद्रकाची एका प्रोटॉनाएवढी ओढ झाकतो. ढोबळ उत्तर आहे, नववीला पुरे.

ग्वाल्हेरची_मास्तरीण – रविवार, सकाळी ७:१५

सुखनिवास यांनी नियम सांगितला, पण ज्याचा तो नियम त्याचं नाव घेतलं नाही. मी रसायन शिकवलंय तीस वर्षं, मला राहवत नाही.

हेन्री मोझ्ली. इंग्लंडचा. १९१३ साली, वय पंचविशीचं, त्यानं एकामागून एक धातू क्ष-किरणांसमोर धरले आणि प्रत्येकाचा धक्का मोजला. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतचे बहुतेक धातू आधी, पुढच्या वर्षी थेट सोन्यापर्यंत. आलेख काढला तर जिन्यासारख्या सरळ पायऱ्या, प्रत्येक पुढच्या धातूला एक पायरी वर. त्याआधी आवर्तसारणीतला "अनुक्रमांक" म्हणजे नुसता रांगेतला नंबर होता. तो नंबर अणूच्या पोटातली खरीखुरी मोजता येणारी गोष्ट आहे, हे या पोरानं दाखवलं. प्रोटॉन हे नाव तर रुदरफोर्डनं १९२० मध्ये दिलं, मोझ्लीला ते ऐकायलाही मिळालं नाही. १० ऑगस्ट १९१५ ला, पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. २७ वर्षांचा.

हा भाग शिकवताना माझा आवाज दरवर्षी बसायचा. मुलं म्हणायची मॅडमला सर्दी झाली.

आता सरळसोट यांच्या वजनाबद्दल. चूक तुमची एकट्याची नाही, मेंडेलेएवनं १८६९ मध्ये सारणी मांडली ती अणुभाराच्याच क्रमानं. आणि तिथेच ती अडली. कोबाल्टचा अणुभार ५८.९३, निकेलचा ५८.६९. वजनानं बघाल तर निकेल आधी यायला हवं. पण गुणधर्म ओरडून सांगतात की कोबाल्ट आधी. मोझ्लीनं दोघांना क्ष-किरणांसमोर उभं केलं: कोबाल्ट २७, निकेल २८. वाद मिटला. आर्गॉन आणि पोटॅशियमचंही तेच, वजनदार आर्गॉन, पण १८. हलकं पोटॅशियम, पण १९.

त्याच्या जिन्यात पायऱ्या गहाळही होत्या: ४३, ६१, ७२, ७५. घर आहे पण राहणारा सापडलेला नाही. पुढे ७२ म्हणजे हाफ्नियम १९२३ साली कोपनहेगनमध्ये क्ष-किरणांनीच सापडलं. ७५ म्हणजे ऱ्हेनियम १९२५ मध्ये. ४३ म्हणजे टेक्नेशियम १९३७ मध्ये, तेही खाणीत नाही, यंत्रात तयार झालेलं. ६१ ला १९४५ उजाडलं. चारही धातूच निघाले बरं का.

सरळसोट – सकाळी ८:०२

बरं, हरलो. पण मग अणुभार कशाला शिकवतात? आणि वजन बदललं तर धातू बदलत नाही?

ग्वाल्हेरची_मास्तरीण – सकाळी ८:३०

प्रोटॉन म्हणजे आडनाव, न्यूट्रॉन (केंद्रकातले दुसरे कण) म्हणजे अंगावरचं मांस. वजन वाढलं म्हणून कुणी जोश्याचा कुलकर्णी होत नाही. कथलाचे दहा स्थिर प्रकार आहेत, सगळ्यांत प्रोटॉन ५०, न्यूट्रॉन ६२ पासून ७४ पर्यंत. दहाही कथील. निसर्गातलं सोनं मात्र एकाच अंगकाठीचं, ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन, दुसरा स्थिर प्रकारच नाही.

इलेक्ट्रॉन गेले-आले तरी आडनाव तेच. मिठातल्या सोडियमनं एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो, स्वभाव इतका बदलतो की आपण तो पोह्यांवर भुरभुरतो, पण प्रोटॉन ११ म्हणजे सोडियमच.

छप्पनचा_गिऱ्हाईक – सकाळी ८:४१

मॅडम, आडनाव लग्नानंतर बदलतं ना? हलके घ्या.

सुखनिवास – सकाळी ८:५५

बदलतं. त्याला किरणोत्सार म्हणतात. न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो आणि अणू एक घर पुढे राहायला जातो. तुमच्या लग्नात काय झालं ते तुम्ही सांगा.

बडोदेकर_भाचा – सकाळी १०:२०

एक बाळबोध शंका. जर फरक नुसत्या संख्येचाच असेल तर पारा ८०, सोनं ७९. एक प्रोटॉन काढला की झालं सोनं? आमच्याकडे मल्हारराव गायकवाडांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या, त्यांच्या खजिन्याला हा उपाय परवडला असता.

सुखनिवास – दुपारी १२:१०

शंका बाळबोध नाही, किमयागार यातच म्हातारे झाले. त्यांचं चुकलं ते असं की भट्टी, गंधक, तेजाब, सगळं काम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालतं. केंद्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही. हजार वर्षं ते वाड्याच्या ओसरीवर भांडत होते, मालक आतल्या खोलीत.

केंद्रकाला हात घातला तर होतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पाऱ्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून सोनं बनवलं होतं, पण किरणोत्सारी, काही तासा-दिवसांत पुन्हा पारा. आणि २०२५ च्या मे महिन्यात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ॲलिस प्रयोगवाल्यांनी सांगितलं की शिशाचे अणुकेंद्रक एकमेकांच्या अगदी जवळून जाताना काहींचे तीन प्रोटॉन उडतात. शिसं ८२, तीन गेले, राहिले ७९. २०१५ ते २०१८ या काळात असे सुमारे ८६ अब्ज सोन्याचे केंद्रक झाले. वजन किती? २९ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दशअब्जांशाचाही शंभरावा भाग. तेही क्षणभर, पुढच्या क्षणी भिंतीवर आपटून खलास.

सराफ्यातून घेतलेलं बरं.

ऐरणवाला – दुपारी ३:३५

धाग्यावर शास्त्रज्ञ मंडळी आहेत, मी सोनाराच्या घरातला. तिसरी पिढी, आमचं काम घडणावळीचं, दुकान नाही. ताईंच्या दुसऱ्या शंकेकडे कुणी बघितलंच नाही.

ताई, पहिला प्रश्न: यंत्राचा ठिपका पाटलीवर कुठे पडला? डब्यात कॅमेरा असतो, पडद्यावर फुलीची खूण दिसते. तो ठिपका जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. आणि किरण सोन्यात काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) शिरतात, पुढे नाही. म्हणजे यंत्र तुमची पाटली बघत नाही, पाटलीच्या कातडीवरचा एक तीळ बघतं. तो तीळ टाक्यावर असेल तर चिठ्ठी टाक्याची, पाटलीची नव्हे.

टाका म्हणजे झाळण, जोडाचं सोनं. दागिन्यापेक्षा आधी वितळेल असं सोनं जोडाला लागतं, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळेल. माझ्या आजोबांच्या वेळी सोन्यात तांबं-चांदी जास्त घालून टाका करत. जोड पक्का, पण टाक्याचा कस कमी. जास्त जोडांचा दागिना आटवला की टंच खाली येणार, त्यावरून भांडणं. मग कॅडमियम आलं. सोनं ९२ आणि कॅडमियम ८ असा टाका केला तर तो लवकर वितळतो आणि कसही बावीस कॅरेटचाच राहतो. त्यालाच बाजारात केडीएम म्हणू लागले. नव्वदच्या दशकात तर दुकानादुकानांत "केडीएम" अशा पाट्या, जणू सोन्याची वेगळी जात. जात-बीत काही नाही, ते टाक्याचं नाव.

आता तुमची चिठ्ठी बघा. सोनं ९१.४ आणि ९१.१. कसात फरक काही नाही. दुसऱ्या चिठ्ठीत तांबं आणि चांदी जेवढी कमी झाली, जवळजवळ तेवढं कॅडमियम आलं. हा टाक्याचाच फोटो आहे, कडेला थोडी पाटली. बट्ट्याची भाषा त्या दुकानदारानं का केली ते त्यालाच माहीत.

दुसऱ्या ठिकाणी न्या, प्रत्येक पाटली तीन जागी बघायला सांगा. जोडापासून दूर दोन, जोडावर एक. जोड कुठे ते दिसत नसेल तर पाटलीवर हलकेच फुंकर घाला, वाफ धरते ना, तेव्हा जोडाची रेघ कधीकधी उठून दिसते. आमच्या वडिलांची युक्ती.

राजवाड्यामागची – दुपारी ४:१०

दादा, म्हणजे पाटली दुरुस्त झालेली आहे? पण घरात कुणालाच असं काही माहीत नाही.

आणि हे कॅडमियम विषारी ना? घालायची कशी मग?

ऐरणवाला – दुपारी ४:४५

घालायला भीती नाही, सोन्यात मिसळून बसलेलं आहे ते. भीती फुंकणीशी बसलेल्याला. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ ला उकळतं. सोनं वितळायला १,०६४ अंश लागतात. म्हणजे टाका मारताना, दागिना आटवताना कॅडमियमचा धूर होणारच. पिवळट-तपकिरी. तो फुप्फुसात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. आमच्या खोलीत खिडकी एक, कारागीर सहा. माझे काका शेवटची काही वर्षं जिना चढू शकत नव्हते. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं नाही, पण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत होतं. आता जस्ताचे टाके आलेत.

एवढंच करा, पुढे कधी ही पाटली झाळायला किंवा आटवायला दिलीत तर समोरच्या कारागिराला आधी सांगा.

ग्वाल्हेरची_मास्तरीण – सायंकाळी ५:३०

ऐरणवाला, तुमच्या प्रतिसादानंतर मी सारणी उघडून बसले. जस्त ३०, त्याच्या बरोबर खाली कॅडमियम ४८, त्याखाली पारा ८०. एकाच उभ्या रांगेतले. बाहेरच्या मजल्यावर तिघांचेही दोन इलेक्ट्रॉन, आणि तिघंही लवकर वितळणारे, लवकर उडून जाणारे. टाक्याला हवा तो गुण आणि कारागिराच्या छातीत जाणारा तो धूर, दोन्ही त्याच रांगेचे. पाऱ्यानं मुलामा देणाऱ्यांचे हाल तर जुनेच. इतकी वर्षं शिकवलं, पण या रांगेकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

कल्हईचा_कोपरा – सायंकाळी ६:१५

उशिरा आलो. एक किडा सोडतो. सगळे म्हणताय प्रोटॉन मोजले की धातू कळला. मूलद्रव्य कोणतं ते कळतं, मान्य. पण ते धातू आहे की नाही, हे प्रोटॉनांच्या आकड्यात कुठे लिहिलंय?

ग्वाल्हेरची_मास्तरीण – सायंकाळी ६:५०

तुमच्या नावातच उत्तर आहे. कल्हईचं कथील, प्रोटॉन ५०. घरातल्या उबेत ते चकचकीत धातू. १३ अंशांच्या खाली फार काळ ठेवलं तर हळूहळू राखाडी होऊन भुगा पडतो, आणि तो भुगा धातूसारखा वागत नाही. प्रोटॉन दोन्हीकडे पन्नासच. अणू एकमेकांशेजारी कसे बसले आणि त्यांनी बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांत मिळून मोकळे सोडले की जोडीजोडीनं धरून ठेवले, यावर धातूपण ठरतं. एकटा अणू ना चमकतो ना ठोकून पत्रा होतो.

तेव्हा तुमचं बरोबर. प्रोटॉन नाव सांगतात. धातूपण ही पंगतीतली गोष्ट आहे. सारणीत डावीकडचे बहुतेक पंगतीत मोकळे, उजव्या कोपऱ्यातले आखडून बसणारे.

सरळसोट – सायंकाळी ७:०५

+१. आणि टंगस्टनचं राहिलं. ऐरणवाला म्हणतात किरण काही मायक्रॉनच शिरतात, मग आत टंगस्टन असेल तर हे यंत्रही फसेल की!

सुखनिवास – सायंकाळी ७:२०

जाड मुलामा असेल तर फसेल. टंगस्टन ७४, त्याचा धक्का ८.४ आणि सोन्याचा ९.७, वेगळे ओळखू येतात, पण वरच्या सोन्यानं तो आवाज बाहेरच येऊ दिला नाही तर यंत्र काय करणार. म्हणून बिस्किटं-विटांना ध्वनिलहरींनीही तपासतात, आणि शेवटचा शब्द अजूनही भट्टीचा: तुकडा काढायचा, शिशाबरोबर आटवायचा, चांदी तेजाबात विरघळवायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. हॉलमार्क केंद्रांतही तंटा झाला की तीच पद्धत.

अवांतर: इथून काही किलोमीटरवर इंडस-२ नावाचं, इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण काढणारं वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ सुमारे १७२ मीटर. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या एका वाटेवर हाच खेळ चालतो, फक्त ठिपका केसाहून बारीक. सराफ्यातला डबा त्याचा धाकटा भाऊ.

राजवाड्यामागची – बुधवार, रात्री ८:३०

मंडळी, ताजी खबर. काल दुसऱ्या ठिकाणी गेलो. पडद्यावरची फुली आम्हाला दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवली. लेकीनं वहीत लिहून घेतलं.

दुसरी पाटली, जोडापासून दूर: सोनं ९१.५, तांबं ५.२, चांदी ३.१, जस्त ०.२. कॅडमियमचं नावही नाही. दुसऱ्या जागी जवळपास तेच. जोडावर: कॅडमियम ४.४. पहिल्या पाटलीच्या जोडावर सोनं घसरून ८३ वर, तांबं-चांदी वाढलेली, कॅडमियम शून्य. ऐरणवाला दादा, अगदी तुमच्या आजोबांच्या टाक्यासारखं!

म्हणजे पाटल्या दोन्ही एकाच मालाच्या. एक जन्मात कधी फुटली नाही, आणि एक फुटली, नंतर सांधली गेली. केव्हा, कुणी, कुणाला पत्ता नाही. नवरा म्हणाला, बाई असती तर विचारलं असतं. (सासूबाईंना घरात सगळे बाई म्हणत.)

ऐरणवाला – रात्री ८:५०

फुंकर घातली होती का?

राजवाड्यामागची – रात्री ८:५५

लेकीनं घातली. रेघ दिसली! दुकानातले काका हसायला लागले.

छप्पनचा_गिऱ्हाईक – रात्री ९:०२

हा धागा आता रहस्यकथेच्या विभागात हलवावा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

राजवाड्यामागची – रविवार, दुपारी २:२०

सापडलं.

आज आत्या जेवायला होत्या, नवऱ्याच्या आत्या, वय चौऱ्याहत्तर. लेकीनं भाबडेपणानं सगळं सांगितलं, ४७ काय, ४८ काय, राजवाड्याचे मजले काय. आत्या श्रीखंडाची वाटी खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "१९९३. देवासला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. आईच्या पाटल्या मागून नेल्या होत्या. परत येताना बसच्या दारात हात अडकला, पाटली जोडावर उकलली. सराफ्यात मागच्या गल्लीत एकाकडून सांधून घेतली, चाळीस रुपये घेतले त्यानं. आईला सांगितलं नाही. वहिनीला माहीत होतं, तिनंही कधी सांगितलं नाही."

बाई जाईपर्यंत ही गोष्ट दोघींच्या पोटात होती.

जावेनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, सांधलेली पाटली मला द्या. मी म्हटलं का म्हणून, मीही तीच मागणार होते. आता त्यावरून वाद आहे, बट्ट्यावरून नाही.

ग्वाल्हेरची_मास्तरीण – दुपारी ३:००

मोझ्लीला कळवायला हवं होतं.

सुखनिवास – दुपारी ३:१५

मुलीला म्हणावं बारावीनंतर काय करायचं ते ठरायच्या आधी एकदा भेट. लोखंडाचा हिशेब बरोबर आला का?

राजवाड्यामागची – दुपारी ३:४०

६,३७५ आला, काका. आता ती घरातल्या सगळ्या डब्या-कड्यांचे आकडे काढत सुटली आहे, जर्मन सिल्व्हरच्या ताटात चांदी नसतेच म्हणून आजोबांशी भांडण झालं. (तांबं, निकेल, जस्त. २९, २८, ३०. पाठ झालंय.)

ऐरणवाला दादा, एक काम आहे. आत्यांना आपले गोठ तपासून हवेत. त्यांचं म्हणणं, "फक्त जोडाजवळ लावू नका म्हणावं."

ऐरणवाला – दुपारी ४:०५

मंगळवारी दुपारी आणा. जोडाजवळ लावणार नाही. फुंकर मात्र घालणार.